उपचार चोख, पण विचारले कोणाला? एका रुग्णालयातील सहा दिवस

हा अभिप्राय लिहिण्यापूर्वी मी आईची परवानगी घेतली आणि लिहून झाल्यावर तिला तो वाचून दाखवला. तिने दोन तपशील काढायला सांगितले, ते काढले आहेत. आजार तिचा, शरीर तिचे आणि सहा दिवस खाटेवरही तीच होती. त्यातले काय चारचौघांत सांगायचे हे तिनेच ठरवायला हवे. रुग्णालयाचे नाव मात्र मी देत नाही. पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणचे, ट्रस्टने चालवलेले, शंभराच्या आसपास खाटांचे हे रुग्णालय आहे, एवढे सांगणे पुरेसे आहे. तिथे जे खटकले ते कोणा एकाच्या वाईट हेतूने घडलेले नाही. आपल्याकडे अनेक रुग्णालयांत ते सवयीने घडते आणि आपण नातेवाईकही त्याला हातभार लावतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी उपचारांविषयी, कारण कोणालाही पहिल्यांदा तेच जाणून घ्यायचे असते. आई ७२ वर्षांची आहे. उजव्या बरगडीखाली कळा येत होत्या, दोन दिवस ताप होता. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले आणि पित्ताशयाची भिंत जाड झाल्याचे आढळले. दोन दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक देऊन ताप उतरवला आणि तिसऱ्या दिवशी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून पित्ताशय काढले. सर्जनचा हात उत्तम आहे. चारही जखमा स्वच्छ भरल्या, दुसऱ्या दिवशी आई वॉर्डात चालू लागली, सहाव्या दिवशी आम्ही घरी आलो. स्वच्छतागृहे दिवसातून तीन वेळा धुतली जात होती. पथ्याचे जेवण गरम येत होते. बिल सुरुवातीला सांगितलेल्या अंदाजाच्या आतच राहिले आणि औषधे बाहेरून आणू दिली. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी इथे जावे का, असे कोणी विचारले तर मी जरूर जा असेच सांगेन, आणि पुढचे सगळे वाचूनच जा असेही सांगेन.

पहिल्या दिवशी ओपीडीत सर्जनसमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर आई बसली, दुसरीवर मी. डॉक्टरांनी आईला एकच प्रश्न विचारला, "कुठं दुखतंय?" तिने हात ठेवून दाखवले. त्यानंतरचे सगळे बोलणे माझ्याशी झाले. "यांना शुगर आहे का? आधी काही ऑपरेशन? रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का?" आईला रक्तदाबाची गोळी गेली नऊ वर्षे चालू आहे, तिचे नाव आणि वेळ तिला पाठ आहे. मला ते नाव आठवेना. मी आईकडे पाहिले, तिने सांगितले, मी डॉक्टरांना सांगितले आणि डॉक्टरांनी माझ्याकडे पाहूनच लिहून घेतले. आईचे आणि डॉक्टरांचे अंतर जेमतेम तीन फूट होते. ज्या बाईने जिल्हा परिषदेच्या शाळेत ३३ वर्षे शिकवले, जिला आजही गावात सगळे "बाई" म्हणूनच हाक मारतात, तिच्या वतीने मी दुभाष्या झालो होतो, तेही मराठीतून मराठीत. त्या वेळी मला यात काही वावगे वाटले नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

दाखल होताना काउंटरवर कागदांचा गठ्ठा पुढे आला आणि "इथं, इथं आणि इथं सह्या करा" असे सांगण्यात आले. त्यातला चौथा कागद शस्त्रक्रियेचे संमतीपत्र होता. तो इंग्रजीत छापलेला होता. शस्त्रक्रियेच्या नावाची जागा कोरी होती, धोके लिहिण्याची जागा कोरी होती आणि सहीच्या जागी खूण करून ठेवलेली होती. आई चाकाच्या खुर्चीवर शेजारीच बसली होती, पूर्ण शुद्धीवर. तिने विचारले, "काय लिहिलंय रे त्यात?" मी म्हणालो, "काही नाही गं, नेहमीचंच असतं." आणि सही केली.

या सहीला कायद्याने काय किंमत आहे, हे मी नंतर शोधले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात दिलेला निकाल या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. दिल्लीतील ४४ वर्षांच्या त्या महिलेने दुर्बिणीतून केवळ तपासणी करण्यास संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व अंडाशय काढून टाकले. न्यायालयाने सांगितले की तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि रुग्ण सज्ञान व निर्णय घेण्यास सक्षम असेल तर तिच्या वतीने आईला संमती देता येत नाही. जीव वाचवण्यासाठी ती शस्त्रक्रिया त्याच क्षणी करणे गरजेचे होते, अशीही परिस्थिती नव्हती. उपचार कोणते, त्यात धोके कोणते, दुसरा मार्ग आहे का आणि काहीच केले नाही तर काय होईल, एवढे रुग्णाला समजेल अशा रीतीने सांगून घेतलेली संमती हीच खरी, असे हा निकाल म्हणतो. बाहेर बसलेली ती आईसुद्धा लेकीच्या काळजीपोटीच हो म्हणाली असणार. मीही काळजीपोटीच सही केली होती.

या गोंधळाला आपले जुने नियमही थोडे कारणीभूत असावेत असे मला वाटते. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनासाठी भारतीय वैद्यक परिषदेने २००२ मध्ये केलेल्या नियमांत शस्त्रक्रियेपूर्वी लेखी संमती घेण्याचे कलम आहे, पण त्यात पती किंवा पत्नी, अल्पवयीन मुलाचे आईवडील किंवा पालक, आणि शेवटी "यथास्थिती स्वतः रुग्ण" असा क्रम लागतो. रुग्ण शेवटी! कागदावरचा हा क्रम वॉर्डात तसाच उतरतो. राऊंडच्या वेळी दारातून पहिला पुकारा होतो तो "बारा नंबरजवळ कोण आहे?" असा, आणि "बारा नंबर" स्वतः तिथेच खाटेवर बसलेली असते.

या सगळ्यात एक जण वेगळी निघाली, तिच्याविषयी विस्ताराने लिहिलेच पाहिजे. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ डॉक्टर आल्या. पन्नाशीच्या असतील. आल्या त्या थेट आईकडे गेल्या, खाटेखालचे स्टूल ओढून बसल्या, त्यामुळे त्यांचे डोळे आईच्या डोळ्यांच्या पातळीवर आले. "नमस्कार. मी उद्या तुम्हाला भूल देणार आहे. तुम्हाला काय म्हणू, आजी म्हणू का?" आई म्हणाली, "शाळेत सगळे बाई म्हणायचे." "मग मीही बाईच म्हणते." नंतर त्यांनी विचारले, "बाई, मुलगा इथं थांबला तर चालेल ना, का आपण दोघीच बोलू?" मला हा प्रश्न आयुष्यात प्रथमच ऐकायला मिळाला. आईने थांब म्हटले म्हणून मी थांबलो.

त्यांनी केस पेपरच्या मागे पेनाने यकृत, त्याखाली पेरूसारखे पित्ताशय आणि तिथून आतड्याकडे जाणारी नळी काढली. चार छिद्रे कुठे पाडतील ते आईच्या साडीवरूनच बोटाने दाखवले. आत सूज फार असेल, सगळे एकमेकांना चिकटलेले असेल तर दुर्बिणीने काम होत नाही आणि पोटावर मोठा छेद घ्यावा लागतो, हे त्यांनी लपवले नाही. भुलीचे धोके सांगितले, रक्तदाबाची गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्या म्हणून सांगितले. आणि शेवटी म्हणाल्या, "आता तुम्ही मला सांगा, उद्या काय काय होणार आहे? मी नीट सांगितलं की नाही ते मला कळू दे." आई हसली, कारण ३३ वर्षे तिने वर्गात हेच केले होते. तिने सगळे क्रमाने सांगितले आणि मग स्वतःचा प्रश्न विचारला, "पोट उघडावं लागलं, तर मला उठवून विचारणार का?" डॉक्टर म्हणाल्या, "तेव्हा उठवता येणार नाही. म्हणून आत्ताच विचारते, तशी वेळ आली तर करायचं का? का तेवढ्यावर थांबून तुम्ही जागं झाल्यावर ठरवायचं?" आईने मिनिटभर विचार केला. "करा. पुन्हा पुन्हा भूल नको." भुलीचे संमतीपत्रही इंग्रजीतच होते, पण त्यांनी ते ओळीओळीने मराठीत वाचून दाखवले, आईचे उत्तर आपल्या हाताने मराठीत लिहिले आणि त्याखाली आईची सही घेतली. या सगळ्याला फार तर पंधरा मिनिटे लागली. डॉक्टरांना वेळ नसतो, ही तक्रार मला मान्य आहे. तालुक्या-तालुक्यांतून येणारी गर्दी मी पाहिली आहे. पण ती पंधरा मिनिटे मिळाल्यावर आई त्या रात्री शांत झोपली.

सकाळी मात्र शस्त्रक्रियेला नेताना वॉर्डबॉयने मोठ्याने विचारले, "आजी, कवळी आहे का? काढा इथंच." भेटीची वेळ होती, समोरच्या खाटेभोवती पाचसहा माणसे उभी होती. आईने वरची कवळी काढून वाटीत ठेवली आणि हिरव्या गाऊनची बाही तोंडावर धरली. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत तिने ती खाली घेतली नाही. तिथे त्याच भूलतज्ज्ञ भेटल्या आणि म्हणाल्या, "अरे, कवळी आत काढली असती तरी चाललं असतं, मीच काढून घेते नेहमी." म्हणजे नियम होता, कारणही होते, आणि माणसाची लाज राखून तो पाळण्याची रीतही तिथेच उपलब्ध होती. ती वॉर्डापर्यंत कोणी पोचवली नव्हती, एवढेच.

पडद्याचेही तसेच. प्रत्येक खाटेला स्वच्छ निळा पडदा आहे, कड्या नीट सरकतात. लघवीची नळी काढताना दिवसपाळीच्या सिस्टरने तो ओढला नाही, रात्रपाळीच्या सिस्टर साधे इंजेक्शन देतानाही ओढत. पुरुष डॉक्टर महिला रुग्णाला तपासत असताना दुसरी महिला हजर असावी, हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या १७ हक्कांच्या सनदेत तो खाजगीपणा आणि सन्मानाच्या हक्काबरोबर नोंदवलेला आहे. आपल्या राज्यात तर जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती करून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे खाजगी रुग्णालयांना बंधनकारक केले आहे. या रुग्णालयातही ती आहे. लिफ्टच्या बाजूला, मराठीत, चांगल्या ठळक अक्षरांत. मी सहा दिवस तिच्यासमोरून ये-जा केली आणि पाचव्या दिवशी वाचली.

आता मला सर्वात जड जाणारा भाग. सोनोग्राफीत भिंत जाड दिसली होती, म्हणून काढलेले पित्ताशय तपासणीसाठी पॅथॉलॉजीकडे जाणार होते आणि त्यात कर्करोगाची थोडी शक्यता तपासायची होती. सर्जनने हे मला व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगितले. मी लगेच म्हणालो, "डॉक्टर, रिपोर्ट येईपर्यंत आईला काही बोलू नका, ती घाबरेल." ते म्हणाले, "बरोबर आहे, काळजी करू नका." दोघांचे पाच सेकंदांत एकमत झाले. वडील अकरा वर्षांपूर्वी याच आजाराने गेले आणि त्यांच्या वेळीही आम्ही असेच केले होते. आपल्या घरांतून हे प्रेमच समजले जाते आणि ते प्रेम खोटे नसते, हेही खरे.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राऊंड आला. सर्जन, दोन निवासी डॉक्टर, एक इंटर्न, सिस्टर. आईच्या पायाशी उभे राहून ते इंग्रजीत बोलत होते. जाड भिंत, तपासणीचा नमुना, मॅलिग्नन्सी म्हणजे कर्करोग. आवाज नेहमीचाच होता, शेजारच्या दोन्ही खाटांना ऐकू जाईल एवढा. राऊंड पुढे गेला. आई दिवसभर फारशी बोलली नाही, जेवली मात्र सगळे. संध्याकाळी मी डबा घेऊन गेलो तेव्हा तिने सरळ विचारले, "तुला माहीत होतं?" वडिलांच्या फायली तिनेच दोन वर्षे सांभाळल्या होत्या; त्या शब्दाचे स्पेलिंगसुद्धा तिला येते. मी काही तरी पुटपुटलो. ती म्हणाली, "मला आजाराची भीती नाही वाटली रे. शेजारच्या बाईला कळलं आणि मला कोणी सांगितलं नाही, याचं वाईट वाटलं."

रिपोर्ट सात दिवसांनी आला, साधी जुनाट सूज निघाली. पण त्यामुळे तो दिवस पुसला जात नाही, आणि रिपोर्ट वाईट आला असता तर आमच्या दोघांत आधीच एक खोटे बसलेले असते, ज्याच्यावर पुढचे सगळे उपचार रचावे लागले असते. मला आता वाटते की सर्जनने त्या व्हरांड्यात मला हो म्हणायला नको होते. "आपण आधी त्यांनाच विचारू या, त्यांना किती जाणून घ्यायचंय" एवढे ते म्हणाले असते तरी पुरे होते. काही रुग्ण खरोखरच सांगतात की मला नको, मुलाला सांगा. तेही त्यांचे म्हणणे म्हणून पाळले पाहिजे. पण ते त्यांच्या तोंडून आले पाहिजे. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वर्तन, नीती आणि संवाद यांचे स्वतंत्र पाठ आले आहेत, मुंबईतून १९९३ पासून डॉक्टरांनीच वैद्यकीय नीतिशास्त्राचे नियतकालिक चालवले आहे. म्हणजे हा विचार आपल्याकडे नवा किंवा परका नाही. मात्र त्या राऊंडमध्ये मागे उभा असलेला इंटर्न पुस्तकातल्या पाठापेक्षा समोरच्या राऊंडवरूनच जास्त शिकणार, याची मला काळजी वाटते.

डिस्चार्जच्या वेळी मी संपूर्ण केस पेपरच्या प्रती मागितल्या. आधी "डिस्चार्ज कार्डात सगळं असतं" असे उत्तर मिळाले. २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात, हे सांगून आईच्या सहीचा अर्ज दिल्यावर दुसऱ्या दिवशी प्रती मिळाल्या. शुल्क फक्त झेरॉक्सचे घेतले. त्या प्रतींत शस्त्रक्रियेचे माझ्या सहीचे संमतीपत्र होते, आणि मी सही केली तेव्हा कोरी असलेली धोक्यांची जागा आता नीटनेटक्या अक्षरांत भरलेली होती.

त्या पानाची प्रत जोडून आईने रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला दोन पानी पत्र लिहिले. त्यात तिने भूलतज्ज्ञांचे आणि रात्रपाळीच्या सिस्टरांचे आभार आधी मानले आणि चार मागण्या केल्या: संमतीपत्र मराठीत असावे, ते भरल्यानंतरच सही घ्यावी, खाटेशेजारी आजाराविषयी बोलताना रुग्णाशी बोलावे, आणि कवळी थिएटरमध्ये काढावी. बारा दिवसांनी वैद्यकीय अधीक्षकांनी आम्हाला बोलावले. त्यांनी वाद घातला नाही. चौकशी केल्यावर समजले की मराठी संमतीपत्रे छापलेली आहेत, स्टोअरमध्ये गठ्ठा पडून आहे, इन्शुरन्सच्या कागदांबरोबर इंग्रजी जोडणे सोयीचे पडते म्हणून काउंटरवर तेच दिले जाते. त्यांनी समोरच फोन करून गठ्ठा वर मागवला. थिएटरच्या सूचनाही बदलतो म्हणाले. राऊंडविषयी "मी सरांशी बोलतो" एवढेच म्हणाले; ते सोपे नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

एका महिन्यानंतर आई फेरतपासणीला गेली तेव्हा काउंटरवर मराठी संमतीपत्रे ठेवलेली होती. तिने एक मागून घेतले, बाकावर बसून पूर्ण वाचले. भाषा सोपी होती. खाली सहीच्या जागी "रुग्ण / नातेवाईक" असे छापलेले होते. आईने पिशवीतून पेन काढले, "/ नातेवाईक" वर आडवी रेघ मारली, बाजूला लिहिले, "रुग्ण अल्पवयीन असेल किंवा शुद्धीवर नसेल तरच", आणि तो कागद काउंटरवरच्या मुलीकडे देत म्हणाली, "पुढच्या छपाईच्या वेळी साहेबांना दाखव."